लॅपटॉपवर चालणारा बिल्ड सर्व्हरवर का पडतो

कोड पुश केला (म्हणजे गिटहबसारख्या ठिकाणी पाठवला) आणि दोन मिनिटांनी डॅशबोर्डवर लाल अक्षरांत 'फेल्ड' दिसलं, तर आधी शांत व्हा. नेटलिफाय, व्हर्सेल, क्लाउडफ्लेअर पेजेस यांसारख्या साइट चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मवर बिल्ड (म्हणजे कोडपासून साइट तयार करायचं काम) फेल झाला म्हणून चालू साइट बंद पडत नाही. नवा बिल्ड पूर्ण झाल्याशिवाय जुन्या आवृत्तीला कुणी हात लावत नाही. लोकांना कालचीच साइट दिसत असते. तेव्हा घाईने सेटिंग बदलत बसू नका. एका वेळी पाच गोष्टी बदलल्या की नेमकं कुठे दुखत होतं, याचा माग हरवतो.

पुश केल्यावर पडद्यामागे काय घडतं, ते डोळ्यासमोर आणा. प्लॅटफॉर्म एक कोरं लिनक्स मशीन उभं करतो, तुमची रिपॉझिटरी (गिटमध्ये ठेवलेला सगळा कोड) त्यावर उतरवून घेतो, पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल करतो, तुम्ही सांगितलेली बिल्ड कमांड चालवतो आणि तयार झालेलं फोल्डर उचलून साइटच्या सर्व्हरवर ठेवतो. काम झालं की ते मशीन मोडीत निघतं. तुमच्या लॅपटॉपवर मात्र दोन वर्षांचा संसार साठलेला असतो: कधीतरी ग्लोबल इन्स्टॉल केलेली टूल्स, गिटने वगळावी म्हणून गिटइग्नोरमध्ये टाकलेली डॉट-एन्व्ह ही किल्ल्या-पासवर्डची फाइल, नोड-मॉड्यूल्स या पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये मागे राहिलेलं एखादं जुनं पॅकेज, कमिट (गिटमध्ये नोंद) करायची विसरलेली फाइल. यातलं काहीच त्या कोऱ्या मशीनवर नसतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? 'माझ्याकडे तर चालतंय' हे वाक्य म्हणूनच खरंही असतं आणि निरुपयोगीही. प्रश्न एवढाच असतो की तुमच्याकडे असं काय आहे, जे तिकडे नाही.

लॉगमधला पहिला एरर

नेटलिफायच्या लॉगच्या (बिल्डच्या ओळीवार नोंदीच्या) शेवटी बहुतेक वेळा 'बिल्ड स्क्रिप्ट रिटर्न्ड नॉन-झिरो एक्झिट कोड: २' अशी ओळ असते. खूप जण हीच ओळ कॉपी करून शोधतात आणि हाती काही लागत नाही. लागणार तरी कसं? ती ओळ फक्त 'कमांड अपयशी ठरली' इतकंच सांगते. कारण वर कुठेतरी लिहिलेलं असतं. लॉग सुरुवातीपासून वाचा आणि पहिल्या खऱ्या एररवर थांबा. त्यानंतरचे दहा एरर बहुधा त्या पहिल्याचीच पिलावळ असतात.

वाचताना दोन गोष्टी ठरवायच्या. पहिली, गाडी कुठल्या टप्प्यावर अडली: रिपॉझिटरी उतरवताना, पॅकेजेस इन्स्टॉल करताना, बिल्ड कमांड चालताना की तयार फोल्डर उचलताना. नुसत्या टप्प्यावरून निम्मी कारणं बाद होतात. दुसरी, प्रत्यक्ष कमांडने दिलेला एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा. एक उदाहरण जवळून पाहू. लॉगमध्ये ओळीने हे दिसतं: आधी 'व्हीट बिल्ड' (व्हीट हे साइट बिल्ड करणारं टूल), त्याखाली 'एसएच: १: व्हीट: नॉट फाउंड', आणि मग एक्झिट कोड १२७. लिनक्सच्या शेलमध्ये १२७ म्हणजे ती कमांडच सापडली नाही. म्हणजे तुमच्या कोडमध्ये चूक असण्याचा प्रश्नच नाही, कोड वाचण्यापर्यंत गाडी पोहोचलीच नाही. व्हीट इन्स्टॉल का झालं नाही, ते शोधायचं. याचं नेहमीचं कारण असं: कुणीतरी डॅशबोर्डवर नोड-एन्व्ह हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (बिल्डला बाहेरून दिलेली किंमत) 'प्रॉडक्शन' करून ठेवलेलं असतं. ते तसं असलं की एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) डेव्ह-डिपेन्डन्सीज, म्हणजे फक्त बिल्ड करताना लागणारी पॅकेजेस, इन्स्टॉलच करत नाही, आणि व्हीट, टाइपस्क्रिप्ट, टेलविंड ही सगळी मंडळी सहसा तिथेच लिहिलेली असतात. ते व्हेरिएबल काढून टाका, बिल्ड चालू होईल.

बाकीचे कोडही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १२६ म्हणजे फाइल सापडली, पण ती चालवायची परवानगी नाही. विंडोजवर लिहिलेल्या शेल स्क्रिप्टचं हे नेहमीचं दुखणं, त्यावर 'गिट अपडेट-इंडेक्स'ला 'सीएचमॉड=+एक्स' हा पर्याय आणि फाइलचं नाव देऊन कमिट करायचं. १३७ म्हणजे १२८ अधिक ९: सिस्टिमने प्रोसेस बाहेरून मारली, बहुधा मेमरी संपली म्हणून. १३४ म्हणजे १२८ अधिक ६: नोडने (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामने) स्वतःच मान टाकली, आणि वर 'जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी' असं दिसतं. निव्वळ १ असेल तर तो सर्वसाधारण एरर, त्याचं कारण मजकुरातच शोधावं लागतं.

दुरुस्तीआधी कोरा क्लोन

कुठल्याही दुरुस्तीला हात घालण्याआधी हा प्रयोग करा, तासन्‌तास वाचतात. नेहमीच्या फोल्डरमध्ये नाही, तर एका नव्या रिकाम्या फोल्डरमध्ये रिपॉझिटरी क्लोन करा. नोडचं व्हर्जन सर्व्हरच्या लॉगमध्ये दिसतं तेच ठेवा. मग 'एनपीएम इन्स्टॉल' न करता 'एनपीएम सीआय' चालवा. ही कमांड असलेलं नोड-मॉड्यूल्स काढून टाकते आणि लॉकफाइलमध्ये (पॅकेजेसच्या नेमक्या व्हर्जन्सच्या यादीत) लिहिलंय तेच, तितकंच इन्स्टॉल करते. शेवटी, सर्व्हरवर असतं तसं, सीआय हे व्हेरिएबल 'ट्रू' करून 'एनपीएम रन बिल्ड'.

इथेच बिल्ड पडला तर आनंद माना. दोष रिपॉझिटरीत आहे, आणि तो आता तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच मशीनवर आहे. दर वेळी पुश करून पाच मिनिटं वाट बघायची गरज उरली नाही. इथे बिल्ड झाला आणि सर्व्हरवर होत नसेल तर मोजकीच कारणं शिल्लक राहतात: लिनक्स, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, मेमरी आणि डॅशबोर्डवरच्या सेटिंग्ज.

लिनक्सचा संशय असेल तर डॉकरमध्ये (लॅपटॉपवर वेगळं लिनक्स वातावरण, म्हणजे कंटेनर, उभं करणाऱ्या टूलमध्ये) नोडची इमेज उघडून तोच प्रयोग करता येतो. फक्त मॅकवरचं फोल्डर कंटेनरला जोडू नका, कंटेनरच्या आत नव्याने क्लोन करा. जोडलेलं फोल्डर मॅकच्याच फाइल सिस्टिमचे नियम पाळत राहतं, आणि पुढे जो दोष सांगतो आहे तो नेमका त्यामुळे लपून राहतो.

कॅपिटल, स्मॉल आणि आपला ऱ्य

'मॉड्यूल नॉट फाउंड: कान्ट रिझॉल्व्ह' हा एरर आला, फाइल तर समोर दिसतेय, गिटमध्येही आहे, तर नावातली अक्षरं एकेक करून तपासा. फाइलचं नाव कॅपिटल एचने सुरू होणारं 'हेडर' आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल एच, एवढंच निमित्त पुरतं. विंडोज आणि मॅक मुळात या दोन नावांत फरक करत नाहीत, लिनक्स करतं. आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नसल्याने मराठी डोळा या फरकावरून सहज घसरतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

यातली खरी मेख पुढे आहे. चूक कळल्यावर तुम्ही लॅपटॉपवर फाइलचं नाव बदलता, गिटला विचारता, तर गिट म्हणतं काहीच बदललं नाही. विंडोज आणि मॅकवर गिटचं 'कोअर डॉट इग्नोरकेस' हे सेटिंग चालू असतं, त्यामुळे निव्वळ कॅपिटलचा स्मॉल झाला तर त्याला तो बदल वाटतच नाही. तुम्ही दुरुस्त केलं असं समजून पुन्हा पुश करता आणि तोच एरर पुन्हा येतो. खात्रीचा मार्ग दोन टप्प्यांचा: 'गिट एमव्ही'ने आधी फाइलला भलतंच तात्पुरतं नाव द्या, मग पुन्हा 'गिट एमव्ही'ने हवं ते नाव. आणि रिपॉझिटरीत खरोखर कुठलं नाव आहे ते पाहायचं असेल तर फाइल एक्सप्लोरर बघू नका, 'गिट एलएस-फाइल्स' चालवा. सर्व्हरला तेच दिसतं.

आता असा एक दोष, जो इंग्रजी मदत पानांवर सापडणं कठीण आहे. मराठी साइट्समध्ये फोटोंना, लेखांना मराठी नावं दिलेली असतात. वर म्हणीत आलेला 'पोहऱ्यात' हा शब्दच घ्या. त्यातला ऱ्य कॉम्प्युटरमध्ये तीन प्रकारे लिहिला जाऊ शकतो: ऱ हे एकच अक्षर आणि हलन्त, किंवा र, नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. मॅकची फाइल सिस्टिम पहिले दोन एकच मानते. लिनक्सच्या लेखी ती तीन वेगळी नावं आहेत. फाइलचं नाव एका कीबोर्डवरून टाइप झालं आणि लेखातला दुवा दुसऱ्या कीबोर्डवरून किंवा जुन्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून आला, की सर्व्हरवर फाइल 'नाही' होते.

हा फरक पकडायलाही 'गिट एलएस-फाइल्स' उपयोगी पडतं. नावात रोमन नसलेली अक्षरं असली की गिट ती जशीच्या तशी दाखवत नाही, आकड्यांच्या तिकड्या दाखवतं. देवनागरीच्या सगळ्या तिकड्या ३४० ने सुरू होतात. ३४०, २४४, २६१ दिसलं तर ते एकसंध ऱ. ३४०, २४४, २६० आणि लगेच ३४०, २४४, २७४ दिसलं तर र आणि नुक्ता सुटे आहेत. मध्येच ३४२, २००, २१५ आलं तर तो न दिसणारा जॉइनर.

दुसरी अडचण लांबीची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि लिनक्सवर एका फाइलच्या किंवा फोल्डरच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजे जास्तीत जास्त ८५ चिन्हं, आणि चिन्हं म्हणताना काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. 'विद्यार्थी' या एका शब्दाचीच १० चिन्हं आणि ३० बाइट होतात. ह्यूगो किंवा जेकिलसारखी साइट बनवणारी टूल्स लेखाच्या फाइलनावावरून किंवा शीर्षकावरून फोल्डर बनवतात, त्यामुळे दहा-बारा शब्दांचं शीर्षक असलं की 'फाइल नेम टू लाँग' असा एरर येतो. विंडोज ही मर्यादा बाइटमध्ये मोजत नाही, तिथे देवनागरी चिन्हं २५५ पर्यंत चालतात, म्हणून तिथे सगळं सुरळीत वाटतं. फाइलची आणि फोटोंची नावं रोमन अक्षरांत, सगळी स्मॉल, मध्ये हायफन अशी ठेवा, आणि लेखाच्या वरच्या भागात 'स्लग' (वेब पत्त्यात दिसणारं नाव) वेगळा द्या. शीर्षक मराठीतच राहतं, वाचकाला तेच दिसतं. मराठीवर अन्याय वगैरे होत नाही, उलट साइट टिकते.

नोडचं व्हर्जन आणि पॅकेजेसची भांडणं

कोडमध्ये काहीही बदललं नाही आणि तरी बिल्ड पडला, तर पहिला संशय व्हर्जनवर घ्या. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नोड १७ चं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या या व्हर्जनने ओपनएसएसएल ३ (एन्क्रिप्शनची लायब्ररी) घेतलं, त्यात एमडी४ ही जुनी हॅश पद्धत आपोआप मिळेनाशी झाली, आणि वेबपॅक ४ हे बिल्ड टूल आतून नेमकी तीच वापरत होतं. परिणामी 'डिजिटल एन्व्हलप रुटीन्स: अनसपोर्टेड' हा एरर. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवरच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये तो अजूनही दिसतो. नोड-ऑप्शन्समध्ये 'ओपनएसएसएल-लेगसी-प्रोव्हायडर' टाकून बिल्ड चालतो, पण ती मलमपट्टी. खरं औषध म्हणजे वेबपॅक ५ किंवा व्हीटवर जाणं. 'नोड १६ वर परत जा' हा सल्लाही अनेक ठिकाणी मिळतो. त्या व्हर्जनची देखभाल सप्टेंबर २०२३ मध्ये संपली, त्यामुळे तो मुक्काम म्हणून धरू नका.

व्हर्जन प्लॅटफॉर्मच्या मर्जीवर सोडू नका. रिपॉझिटरीच्या मुळाशी डॉट-एनव्हीएमआरसी नावाची फाइल करून त्यात फक्त आकडा लिहा. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेस ती वाचतात. व्हर्सेलसाठी पॅकेज-जेसन या पॅकेजेसच्या यादीच्या फाइलमधल्या 'इंजिन्स'मध्ये लिहा. दोन्हीकडे लिहिलं तरी बिघडत नाही, फक्त आकडा एकच ठेवा. गिटहब ॲक्शन्सच्या (पुश झाल्यावर कामं आपोआप चालवणाऱ्या गिटहबच्या सेवेच्या) वर्कफ्लोमध्ये 'उबुंटू-लेटेस्ट' लिहिलेलं असेल तर तिथेही 'लेटेस्ट'चा अर्थ अधूनमधून बदलतो, हे ध्यानात असू द्या.

इन्स्टॉलच्या टप्प्यावर 'ईरिझॉल्व्ह' दिसलं तर ते पॅकेजेसचं आपसातलं भांडण. एक पॅकेज म्हणतं मला रिॲक्ट १७ च हवं, तुमच्याकडे १८ आहे. एनपीएम ६ अशा वेळी नुसती तक्रार करून पुढे जायचं. ७ व्या व्हर्जनपासून एनपीएम पीअर-डिपेन्डन्सीज (एका पॅकेजला सोबत हवी असलेली दुसरी पॅकेजेस) स्वतः इन्स्टॉल करतं आणि जुळलं नाही की थांबतं. लॉगमध्ये 'फाउंड' आणि 'कुड नॉट रिझॉल्व्ह' या दोन ओळींत भांडणाऱ्या दोन्ही पॅकेजेसची नावं असतात. ज्याची अट जुनी आहे त्याचं नवं व्हर्जन आलंय का बघा. आलं नसेल तर डॉट-एनपीएमआरसी फाइलमध्ये 'लेगसी-पीअर-डेप्स=ट्रू' अशी एक ओळ टाकून कमिट करा. ही ओळ लॅपटॉपवर हाताने दिलेली असते आणि रिपॉझिटरीत नसते, म्हणूनच अनेकदा इकडे चालतं आणि तिकडे पडतं.

लॉकफाइल कमिट केलेली असायलाच हवी, आणि ती एकच हवी. पॅकेज-लॉक आणि यार्न-लॉक दोन्ही पडून असतील तर प्लॅटफॉर्म यार्न (एनपीएमसारखंच दुसरं टूल) निवडू शकतो, आणि तुम्ही महिनोन्‌महिने एनपीएम वापरत असल्याने यार्नची यादी शिळी झालेली असते. नको असलेली काढून टाका. पॅकेज-जेसन हाताने बदलून लॉकफाइल तशीच ठेवली तर 'एनपीएम सीआय' दोन्ही जुळत नाहीत म्हणून थांबतं. लॅपटॉपवर एकदा 'एनपीएम इन्स्टॉल' चालवून बदललेली लॉकफाइल कमिट केली की काम होतं.

'रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू सापडत नाही' अशा अर्थाचा एरर हा याच घरातला. रोलअप, एसबिल्ड यांचा काही भाग प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळा असतो आणि ऐच्छिक पॅकेज म्हणून येतो. एनपीएममधल्या एका दोषामुळे कधीकधी मॅकवर तयार झालेल्या लॉकफाइलमध्ये लिनक्सच्या भागाची नोंदच होत नाही. नोड-मॉड्यूल्स आणि लॉकफाइल दोन्ही काढून एकदा नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. यात बाकीच्या पॅकेजेसची व्हर्जन्सही पुढे सरकतात, म्हणून लगेच साइट तपासून घ्या.

दोष खरोखर तुमचा नसतो असेही दिवस येतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून टाकलं आणि त्याच्यावर टेकलेले जगभरचे बिल्ड पडले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून टाकण्याचे नियम कडक केले. तरीही एनपीएमची रजिस्ट्री (पॅकेजेसचं भांडार) किंवा गिटहब काही वेळ कोलमडणं अजूनही होतं. इन्स्टॉलच्या टप्प्यावर ५०२, ५०३ किंवा टाइमआउट दिसला तर कोडला हात न लावता आधी त्या सेवेचं स्टेटस पान पाहा आणि अर्ध्या तासाने बिल्ड पुन्हा चालवा.

इशारा एरर कसा होतो

क्रिएट रिॲक्ट ॲपने केलेल्या प्रोजेक्टमध्ये 'ट्रीटिंग वॉर्निंग्ज ॲज एरर्स' अशी ओळ येते. बिल्ड सर्व्हरवर सीआय हे व्हेरिएबल आपोआप लावलेलं असतं, आणि ते असलं की हे टूल साध्या इशाऱ्यालाही एरर मानतं. न वापरलेलं एखादं व्हेरिएबल पुरतं. बिल्ड कमांडच्या आधी 'सीआय=फॉल्स' लिहून सुटका होते, हे खरं. पण त्या इशाऱ्यांमध्ये रिॲक्टच्या यूज-इफेक्टच्या यादीत राहून गेलेल्या गोष्टींसारखे खरे दोषही असतात. चार-पाच इशारे असतील तर ते दुरुस्तच करा. आज रात्री साइट जायलाच हवी आणि दोनशे इशारे आहेत, तर 'फॉल्स' करा आणि दुसऱ्या दिवशी परत या.

गुप्त किल्ल्या आणि नुसती नावं

डॉट-एन्व्ह फाइल गिटमध्ये टाकायची नसते, म्हणून ती सर्व्हरवर पोहोचत नाही, म्हणून त्यातली प्रत्येक नोंद डॅशबोर्डवर हाताने भरावी लागते. चुका होतात त्या नावात. व्हीट फक्त 'व्हीट' आणि अंडरस्कोरने सुरू होणारीच व्हेरिएबल्स ब्राउझरच्या कोडला देतं, नेक्स्टला सुरुवात 'नेक्स्ट-पब्लिक' अशी लागते, क्रिएट रिॲक्ट ॲपला 'रिॲक्ट-ॲप'. ही सुरुवात असलेली किंमत बिल्ड होताना थेट जावास्क्रिप्टमध्ये छापली जाते. त्याचे दोन परिणाम: डॅशबोर्डवर किंमत बदलली तरी नवा बिल्ड केल्याशिवाय साइटवर काही बदलत नाही, आणि अशा नावाखाली ठेवलेली किल्ली साइट उघडणारा कुणीही वाचू शकतो. डेटाबेसचा पासवर्ड किंवा पैसे घेणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली या नावाने कधीही ठेवू नका.

मुख्य साइट व्यवस्थित होते आणि प्रीव्ह्यू (चाचणीसाठीचे) बिल्डच पडतात, असं दिसलं तर व्हर्सेलवर ते व्हेरिएबल 'प्रीव्ह्यू'साठी टिक केलंय का बघा. तिथे प्रॉडक्शन, प्रीव्ह्यू आणि डेव्हलपमेंट यांची नोंद वेगवेगळी असते.

फोल्डर कुठे आहे?

बिल्ड कमांड यशस्वी झाली आणि 'डिप्लॉय डिरेक्टरी डझ नॉट एक्झिस्ट' आलं, तर तुम्ही सांगितलेलं फोल्डर आणि टूलने बनवलेलं फोल्डर यांची नावं जुळत नाहीत. व्हीट आणि ॲस्ट्रो 'डिस्ट' बनवतात, क्रिएट रिॲक्ट ॲप 'बिल्ड', ह्यूगो आणि गॅट्सबी 'पब्लिक', नेक्स्टची स्टॅटिक एक्स्पोर्ट 'आउट', जेकिल आणि इलेव्हंटी अंडरस्कोर लावून 'साइट'. क्रिएट रिॲक्ट ॲपवरून व्हीटवर गेल्यावर डॅशबोर्डवर 'बिल्ड' तसंच राहून जातं, ही या प्रकारातली हमखास चूक. साइटचा कोड रिपॉझिटरीतल्या एखाद्या आतल्या फोल्डरमध्ये असेल तर बेस डिरेक्टरीही सांगावी लागते, नाहीतर पॅकेज-जेसनच सापडत नाही.

ह्यूगो वापरणाऱ्यांसाठी इथेच एक वेगळी नोंद. थीमचं फोल्डर साध्या 'गिट क्लोन'ने आणून कमिट केलं तर गिट त्यातल्या फाइल्स घेत नाही, फक्त एक खूण ठेवतं. सर्व्हरवर रिपॉझिटरी उतरवतानाच 'नो यूआरएल फाउंड फॉर सबमॉड्यूल पाथ' येतं. 'गिट आरएम कॅश्ड'ने ती खूण काढा, फोल्डर हटवा, आणि 'गिट सबमॉड्यूल ॲड'ने थीम पुन्हा जोडा, पत्ता एसएसएचचा न देता एचटीटीपीएसचा. थीममध्ये एससीएसएस (सीएसएसचा विस्तारित प्रकार) असेल तर ह्यूगोची 'एक्स्टेंडेड' आवृत्ती सहसा लागते, आणि लॅपटॉपवरचं ह्यूगोचं व्हर्जन 'ह्यूगो-व्हर्जन' या व्हेरिएबलमध्ये नेमकं लिहून ठेवावं.

मेमरी आणि वेळ

१३४ आला असेल तर नोड-ऑप्शन्समध्ये 'मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ=४०९६' द्या, म्हणजे नोडला ४ जीबीपर्यंत जागा घेता येईल. १३७ असेल तर मात्र हा आकडा वाढवून उपयोग नाही, कारण मशीनचीच मेमरी संपली आहे. उलट आकडा मशीनच्या मेमरीपेक्षा खाली ठेवा आणि ओझं कमी करा: प्रॉडक्शनचे सोर्स मॅप (कोडमधली चूक शोधायला मदत करणाऱ्या फाइल्स) बंद करा, मोठे फोटो बिल्डमध्ये लहान करण्याऐवजी आधीच लहान करून ठेवा. कॅमेऱ्यातून आलेले हजारभर फोटो प्रत्येक बिल्डला चार-चार आकारांत कापले जात असतील तर मेमरी आणि वेळ दोन्ही तिथेच जातात.

वेळेची मर्यादा प्रत्येकाची वेगळी आहे. क्लाउडफ्लेअर पेजेसवर बिल्ड २० मिनिटांत व्हावा लागतो, व्हर्सेलवर ४५. क्लाउडफ्लेअर पेजेसवर एक फाइल २५ एमबीपेक्षा मोठी चालत नाही आणि मोफत योजनेत एका साइटला २०,००० फाइल्सची मर्यादा आहे. गिटहब पेजेसवर सगळी साइट मिळून १ जीबी. दिवाळी अंकाची अख्खी पीडीएफ साइटवर ठेवणाऱ्यांना हा २५ एमबीचा आकडा लवकर भेटतो.

बिल्ड हिरवा, पान कोरं

बिल्ड यशस्वी होतो, पण पान पांढरं दिसतं. ब्राउझरचं कन्सोल उघडा. जावास्क्रिप्टच्या फाइल्सना ४०४ (फाइल सापडली नाही) येत असेल तर पाया, म्हणजे साइटचा मूळ पत्ता, चुकलाय. गिटहब पेजेसवर साइट रिपॉझिटरीच्या नावाच्या उपपत्त्यावर बसते, त्यामुळे व्हीटच्या सेटिंगमध्ये 'बेस' म्हणून दोन्ही बाजूंना तिरकी रेघ देऊन ते नाव लिहावं लागतं. तिथे ब्रँचवरून थेट साइट चढवत असाल तर अंडरस्कोरने सुरू होणारी फोल्डर्स जेकिल गाळून टाकतं, ते थांबवायला मुळाशी डॉट-नोजेकिल नावाची रिकामी फाइल पुरते. पहिलं पान उघडतं पण आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४ येतो, तर नेटलिफायवर अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या 'रीडायरेक्ट्स' फाइलमध्ये सगळे पत्ते इंडेक्स पानाकडे २०० ने वळवणारी ओळ टाका.

कॅशे (आधीच्या बिल्डमधून साठवलेल्या फाइल्स) साफ करून पुन्हा बिल्ड करणं हा उपाय मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. नेटलिफायवर त्यासाठी वेगळं बटण आहे, व्हर्सेलवर रीडिप्लॉय करताना जुना कॅशे वापरण्याची टिक काढायची. नोडचं मोठं व्हर्जन बदललं किंवा लॉकफाइल नव्याने केली, तर हे जरूर करा. एरवी पहिल्याच फटक्यात केलं आणि चाललं, तर कारण कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा समोर येतं.

कुणाला मदत विचारायची वेळ आली तर शेवटच्या ओळीचा स्क्रीनशॉट पाठवू नका. पहिल्या एररच्या वरच्या वीस आणि खालच्या वीस ओळी मजकूर म्हणून द्या, सोबत नोडचं व्हर्जन, बिल्ड कमांड, पब्लिश फोल्डर आणि शेवटचा यशस्वी कमिट कुठला ते लिहा. शेवटचा चांगला आणि पहिला बिघडलेला कमिट माहीत असेल तर 'गिट बायसेक्ट' मधला दोषी कमिट शोधून देतं, शंभर कमिट असले तरी सातेक फेऱ्यांत. लॉग पाठवण्याआधी त्यात एखादी किल्ली छापली गेली नाही ना, हे डोळ्यांखालून घाला. गेली असेल तर ओळ पुसून भागत नाही, ती किल्ली रद्द करून नवी काढा आणि डॅशबोर्डवर भरा.